दोन निळ्यांची पिल्लं तपकिरी: नाशिकमधल्या श्रिंप संकराच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२४

माझ्याकडे निळ्या श्रिंपच्या, म्हणजे टाकीत पाळायच्या गोड्या पाण्यातल्या बारीक कोळंबीच्या, दोन लाइन आहेत. लाइन म्हणजे पिढ्यानपिढ्या आपसातच वाढवलेला गट. एक पुण्याच्या ब्रीडरकडून आणलेली, गडद निळी, अंगावर मधूनमधून काळे ठिपके. दुसरी नाशिकच्याच एका दुकानातली, फिकट, कडेकडेला जवळजवळ पारदर्शक. दोन्ही घेताना नाव एकच सांगितलं गेलं: ब्लू ड्रीम. आपापल्या टाकीत दोन्ही लाइन निळीच पिल्लं देतात. पण हा निळा दोन्हीकडे एकाच जनुकामुळे आलाय की वेगवेगळ्या, हे नुसतं बघून कळत नाही. संकर लावूनच कळेल, म्हणून हा प्रकल्प.

सोबत आणखी दोन जोड्या: लाल × पिवळा, आणि लाल × लाल रिली. रिली म्हणजे डोकं आणि शेपूट रंगीत, मधला भाग पारदर्शक.

हे सगळे एकाच जातीचे, निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळचे पूर्व चीन, तैवान, कोरियाकडचे. तिथल्या ओढ्यांत ते तपकिरी-हिरवट, ठिपकेदार असतात; लाल, पिवळा, निळा, नारिंगी हे माणसाने निवडून टिकवलेले रंग. क्रिस्टल रेड हा लाल-पांढरा श्रिंप कॅरिडिना या वेगळ्या प्रजातीतला, त्याचा यांच्याशी संकर होत नाही. म्हणून तो इथे नाही.

आजचं काम म्हणजे माद्या वेगळ्या काढणं. मादी फक्त कात टाकल्यावर लगेच मिलन करते. त्या वेळी ती पाण्यात जो गंध सोडते त्याने टाकीतले सगळे नर वेडेपिसे पोहत सुटतात. सामायिक टाकीतल्या मादीच्या पिल्लांचा बाप कोण, हे मग कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे पाठीवर सॅडल, म्हणजे अंडाशयाचा पिवळसर डाग, दिसायच्या आत मादी पिल्लं उचलावी लागतात. साधारण एक सेंटिमीटरची झाली की भिंगातून फरक कळतो: मादीच्या पोटाखालची बाजू गोलाकार उतरते, नराची सरळ राहते. ज्यांच्याबद्दल खात्री नाही ती परत मूळ टाकीत.

२ ऑक्टोबर २०२४

माद्यांच्या पाठीवर सॅडल आलं. प्रत्येक वीस लिटरच्या टाकीत एक मादी आणि एकच नर सोडला. निळ्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी जोडी लावली: पुण्याची मादी × नाशिकचा नर, आणि उलट. आईकडून वेगळं आणि बापाकडून वेगळं असं काही येत असेल तर दोन टाक्यांत फरक दिसायला हवा.

पाणी सगळीकडे एकच. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आमच्याकडे टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, दीडशेच्या आसपास दाखवतं, या श्रिंपना ते चांगलं मानवतं. सोसायटीच्या बोअरचं पाणी सहाशेच्या वर जातं, ते मी वापरत नाही. नळाचं पाणी बादलीत अँटीक्लोरीन टाकून रात्रभर एअर स्टोन लावून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ठिबकच्या नळीने थेंब थेंब सोडतो. एकदम पाणी बदललं की श्रिंप वेळेआधी कात टाकायला जातात आणि त्यातच मरतात.

प्रत्येक टाकीत स्पंज फिल्टर, मूठभर जावा मॉस, तळाला काळी बारीक रेती. खाद्यही सगळ्यांना तेच. रंगद्रव्यातले कॅरोटिनॉइड खाण्यातूनच येतात, त्यामुळे एका टाकीला पालक आणि दुसरीला पेलेट दिलं तर तुलनेला अर्थ राहणार नाही.

२० ऑक्टोबर २०२४

चार टाक्यांतल्या माद्यांना अंडी आली. लाल-पिवळ्याची मादी पहिलटकरीण आहे, तिच्या पोटाखाली पंधरा-सोळाच असतील. पुण्याची निळी मोठी, तिच्याकडे पंचवीस तरी आहेत. पोटाखालचे पाय हलवून ती अंड्यांना सतत वारा घालते. मध्येच एखादं अंडं पुढच्या पायांनी ओढून साफ करते आणि परत जागेवर ठेवते. संध्याकाळी बॅटरी तिरकी धरून बघितलं तर प्रत्येक अंडं वेगळं दिसतं.

निफाडला दाजींच्या बागेत गोडी बाराची छाटणी उरकली. भाची अकरावी सायन्सला आमच्याकडे राहते, ती काल घरून आली तेव्हा दाजींचा निरोप घेऊन आली: "मामा, अण्णा म्हणाले द्राक्षाची पानं पाहिजे तेवढी न्या, पण बोर्डो मारलाय, तुमच्या किड्यांना चालतंय का बघा." चालत नाही, आणि दाजींनी स्वतःहून सांगितलं हे फार बरं झालं. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबं. खरं तर श्रिंपच्या रक्तातच तांबं असतं, आपल्या रक्तात लोह असतं तसं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी त्यांना मारतं. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, म्हणून बाटलीवरचं घटकांचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय टाकीत काहीही घालू नये.

नाशिक जिल्ह्यात श्रिंप पाळणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं. द्राक्षाचं पान, बागेच्या बांधावरच्या शेवग्याची पाला-पाती, शेजारच्या शेततळ्याचं पाणी, काहीच नको. मी कॉलनीतल्या देशी बदामाची गळलेली, वाळलेली पानं आणि आमच्या अंगणातल्या तुतीची पानं उकळून वापरतो. तुतीवर कधीही फवारणी झालेली नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

पिल्लं बाहेर आली. या जातीत अळीची अवस्था नसते. अंड्यातून थेट दोनेक मिलिमीटरचा श्रिंप निघतो आणि मॉसवर चरायला लागतो. सगळी पारदर्शक. रंग आताच ठरवायचा नाही.

२२ डिसेंबर २०२४

थंडी कडक पडली आहे. निफाडला पारा नाशिकपेक्षाही खाली जातो, दाजी पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला उठतात. माझ्या मागच्या खोलीत पाणी सकाळी १८ अंशांवर होतं. १८ अंशांना हे मरत नाहीत, पण सगळं संथ होतं: वाढ, कात, अंडी. पिल्लांच्या टाक्यांना २३ अंशांवर हीटर लावले.

आणि रंग दिसायला लागला.

लाल × लाल रिलीची पिल्लं सगळी पूर्ण लाल. रिली प्रच्छन्न असणार, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून त्याची प्रत आल्याशिवाय तो दिसत नाही; ते अपेक्षितच होतं.

लाल × पिवळा: एकही लाल नाही, एकही पिवळं नाही. आणि नारिंगीही नाही, जे बहुतेकांना वाटतं. सगळी तपकिरी, पाठीवर फिकट पट्टा, अंगावर गडद ठिपके. चीनच्या ओढ्यातला मूळ श्रिंपच जणू परत आला.

निळ्यांच्या दोन्ही टाक्या मी सर्वात शेवटी बघितल्या. पांढऱ्या मेलामाइनच्या वाटीत एकेक पिल्लू घेतलं. तपकिरी. दोन्ही टाक्यांत तपकिरी, उलट-सुलट जोडीने काहीही फरक नाही. निळं एकही नाही.

रात्री भाचीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "पण मामा, दोघंही निळे होते ना?" होते. आणि म्हणूनच हे उत्तर इतकं स्वच्छ आहे.

२३ डिसेंबर २०२४

काल घाईत लिहिलं, आज नीट लिहितो, कारण या प्रकल्पाचं मर्म यातच आहे.

तपकिरी रंग तयार व्हायला अनेक जनुकं एकामागून एक काम करतात. पुण्याच्या लाइनमध्ये त्यातलं एक बिघडलेलं आहे, म्हणून ती निळी. नाशिकच्या लाइनमध्ये दुसरंच कुठलं तरी बिघडलेलं आहे, म्हणून तीही निळी. बिघाड प्रच्छन्न आहेत. पिल्लाला पुण्याकडून नाशिकच्या बिघाडाची चांगली प्रत मिळते आणि नाशिककडून पुण्याच्या बिघाडाची. दोन्ही उणिवा भरून निघतात आणि मूळ तपकिरी रंग परततो. दोन्हीकडे बिघाड एकाच जनुकात असता तर पिल्लांकडे चांगली प्रत आलीच नसती, सगळी निळीच झाली असती.

म्हणजे तपकिरी पिल्लं बघून "रंग खराब झाला" म्हणणं चूक आहे. त्या तपकिरी पिल्लात दोन्ही निळे जसेच्या तसे शिल्लक आहेत, फक्त झाकलेले. रंग मिसळत नाहीत, लपतात. मेंडेलने वाटाण्यांवरचं काम १८६६ मध्ये छापलं तेव्हापासून हे माहीत आहे, तरी श्रिंपच्या बाबतीत "लाल आणि पिवळा मिसळून नारिंगी" ही समजूत जाता जात नाही.

क्रिस्टल रेडचीही गोष्ट याच नियमाची. जपानमधल्या हिसायासु सुझुकी यांना १९९० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या बी श्रिंपमध्ये लाल पिल्लं सापडली. लाल प्रच्छन्न होता, म्हणून काळ्याशी जोडलं की पहिली पिढी काळी. पुन्हा आपसात जोडत, निवडत त्यांनी ती लाइन पक्की केली. पहिल्या काळ्या पिढीला निराश होऊन त्यांनी काम सोडलं असतं तर आज क्रिस्टल रेड नसता.

१२ जानेवारी २०२५

पुण्याचा एक निळा नर मेला, वय झालं होतं. सकाळी दिसला तेव्हा अंग अपारदर्शक, गुलाबीसर झालं होतं, निळा नावालाही नाही. घरात कोळंबी शिजवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. कवचधारी प्राण्यांत अॅस्टाझँथिन हे मुळात लाल-नारिंगी रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं आणि त्या बांधणीमुळे निळं किंवा करडं दिसतं. उष्णतेने प्रथिन मोडलं की लाल सुटतो. मेल्यावर प्रथिनं कुजतात, तेव्हाही असंच काहीसं होत असावं. माझ्या निळ्या लाइनमधला सगळा निळा याच मार्गाने येतो असं मी म्हणणार नाही, दोन लाइनचे बिघाड वेगळे आहेत हे तर आत्ताच सिद्ध झालंय.

२३ फेब्रुवारी २०२५

थंडीमुळे पहिली पिढी उशिरा वयात आली. आता पुढच्या जोड्या.

पहिल्या पिढीची भावंडं आपसात: लाल-पिवळ्याची एका टाकीत, निळ्यांची दुसऱ्या टाकीत, रिलीची तिसऱ्या. इथे बाप कोणता याने फरक पडत नाही, सगळी भावंडं या जनुकांपुरती सारखीच आहेत. म्हणून गट करून सोडली.

शिवाय एक उलट जोडी: लाल-पिवळ्याच्या तपकिरी माद्या × मूळ लाल लाइनचा नर. घरच्या चार टाक्यांत काम करणाऱ्याला मी हीच जोडी सुचवीन. लाल एका प्रच्छन्न जनुकावर असेल तर भावंडांच्या जोडीत चौथा हिस्सा लाल मिळतो आणि दोन बिघाड एकत्र हवे असतील तर सोळात एक. उलट जोडीत मात्र निम्मी लाल. चाळीस पिल्लांत निम्मं आणि चौथा हिस्सा यातला फरक डोळ्यांना दिसतो, सोळात एक शोधायला शेकड्यांनी पिल्लं लागतात.

३० मार्च २०२५

पाडवा. सगळीकडे अंडी. भाचीने भिंतीवर पनेटच्या चौकटी, म्हणजे आई-बापाची जनुकं मांडून पिल्लांचा अंदाज काढायचे तक्ते, काढून चिकटवल्या आहेत, रंगीत पेन्सिलने भरलेल्या. तिचा निळ्यांसाठीचा अंदाज: सोळात नऊ तपकिरी, सात निळी. दोन्हींपैकी कुठलाही एक बिघाड दुहेरी झाला की निळा, म्हणून तीन, तीन आणि एक मिळून सात. बरोबर मांडलंय तिने. खरे श्रिंप इतके शिस्तीत येतील का, ते बघायचं.

२० एप्रिल २०२५

पिल्लं निघाली, आणि ऊनही. दुपारी खोलीत ३७ अंश, टाकीत ३०. या श्रिंपना २२ ते २४ सर्वांत बरं. ३० च्या वर पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अंडी वाहणाऱ्या माद्या अंडी टाकून देतात. टाक्यांची झाकणं काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके छोटे पंखे लावले. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, तेवढं पुरतं. पण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर आरओच्या पाण्यानेच घालायची, नळाच्या नव्हे. बर्फाच्या बाटल्या टाकण्याच्या मी विरोधात आहे. तासाभरात चार अंश खाली-वर होण्यापेक्षा स्थिर २८ बरे.

२५ मे २०२५

यंदा पावसाने मे महिन्यातच हजेरी लावली. गारवा आला, श्रिंप खूश आहेत. त्याबरोबर डासही आले आणि कॉलनीत धूर फवारणी सुरू झाली. फवारणीत पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असलं तर ते श्रिंपसाठी विष आहे. कीटक आणि श्रिंप दोघंही संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे प्राणी, दोघांच्या नसांवर ते सारखंच काम करतं. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. गाडीचा आवाज आला की मी पंप बंद करतो, टाक्यांवर प्लॅस्टिक ओढतो, खिडक्या लावतो आणि हवा निवळेपर्यंत तसंच ठेवतो. स्पंज फिल्टरला तेवढा वेळ काही होत नाही. या खोलीत मच्छरची लिक्विड मशीन किंवा कॉइल तर कधीच नाही.

६ जुलै २०२५

मोजणी. पद्धत आधी लिहितो, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो. श्रिंप काळ्या रेतीवर गडद होतो, पांढऱ्यावर फिकट. त्वचेतल्या रंगपेशी पसरतात, आकसतात. घाबरला तरी फिकट होतो. म्हणून प्रत्येकाला त्याच पांढऱ्या वाटीत, त्याच दिव्याखाली, दहा मिनिटं शांत होऊ दिल्यावर बघितलं. मी आणि भाचीने वेगवेगळं लिहिलं, नंतर ताडून पाहिलं.

लाल × पिवळा, दुसरी पिढी, ९६ पिल्लं: तपकिरी ४७, पिवळी २३, लाल १४, आणि १२ पारदर्शक, ज्यांना कुठला रंग म्हणावं ते ठरेना. साध्या दोन जनुकांच्या हिशेबाने ५४, १८, १८, ६ यायला हवे. लाल कमी आणि पारदर्शक जास्त का, याचं कारण मला वाटीतच दिसलं: पारदर्शकांतले बरेच नर होते. नरांचा रंग मुळात फिका, त्यातले काही जनुकांनी लाल असूनही डोळ्यांनी लाल दिसत नसणार. तेव्हा हे आकडे ओढूनताणून चौकटीत बसवायला मी तयार नाही. लाल आणि पिवळा दोन्ही तपकिरीतून वेगवेगळे परत निघाले, एवढं मात्र पक्कं.

उलट जोडी, ६१ पिल्लं: तपकिरी ३३, लाल २८. निम्म्याच्या इतकं जवळ की इथे मला शंका नाही. पण त्या २८ मध्ये लाल किती तऱ्हेचे! एक मादी आजीइतकी गडद, पाय सुद्धा लाल. बाकी कित्येकांच्या कडा पारदर्शक, लालाचे नुसते ठिपके. लाल की तपकिरी हे एक जनुक ठरवतं, पण लाल किती दाट हे दुसरी अनेक मिळून ठरवतात. मूळ लाल लाइनमध्ये पिढ्यानपिढ्या निवडून जमवलेला तो दाटपणा एका परक्या संकराने विखुरला. तपकिरी पिल्लं बघून लोक हळहळतात. खरं नुकसान हे आहे, आणि ते भरून काढायला निवडीच्या कैक पिढ्या जातील.

निळे, ८३ पिल्लं: तपकिरी ४४, निळी ३१, अनिश्चित ८. भाचीच्या नऊ-सातच्या हिशेबाने ४७ आणि ३६ हवे होते. अनिश्चित आठ कुठे टाकायची यावर सगळं झुकतं, पण चित्र जुळतंय. तिला तो कागद भिंतीवरून काढू देणार नाही.

रिली: ५२ पैकी ११ रिली, बाकी पूर्ण लाल. चौथ्या हिश्शाच्या आसपास.

१७ ऑगस्ट २०२५

पुढचं ठरवलं.

३१ निळ्यांमध्ये काही पुण्याचा बिघाड दुहेरी असलेली, काही नाशिकचा, आणि चार-पाच दोन्ही असलेली असणार. ओळखायची कशी? प्रत्येक निळी मादी आधी पुण्याच्या निळ्या नराशी. सगळी पिल्लं निळी आली तर तिच्याकडे पुण्याचा बिघाड दुहेरी आहे. मग तीच मादी नाशिकच्या नराशी. दोन्हीकडे सगळी निळी देणारी मादी सापडली तर ती दोन्ही बिघाडांची, आणि तिची लाइन या दोन्ही निळ्यांत कुठेही जोडली तरी निळीच राहील. हे काम मोठं आहे, टाक्या वाढवाव्या लागतील.

तपकिरी आणि बाकीची पिल्लं चाळीस लिटरच्या वेगळ्या टाकीत, दाट मॉसमध्ये राहतील. ती विकायची नाहीत, आणि गोदावरीत किंवा नासर्डीत तर मुळीच सोडायची नाहीत. जर्मनीत वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे कोमट राहणाऱ्या गिलबाख ओढ्यात हीच जात कुणीतरी सोडल्यामुळे वस्ती करून बसली आहे. आपल्याकडच्या नदीला गरम पाण्याचीही गरज नाही.

नाशिकमध्ये मिश्र रंगांचं पाकीट विकतात: चार लाल, चार पिवळे, चार निळे, मुलांना आवडतं. घेणाऱ्याला एवढं तरी सांगावं की वर्षभरात टाकी तपकिरी होईल. ज्यांना एकाच टाकीत ठेवायचेत त्यांनी एकच रंग घ्यावा, आणि एकाच लाइनचा. 'ब्लू ड्रीम' नाव सारखं असणं पुरेसं नाही, कुणाकडून आले तेही विचारावं.

आज टाक्यांवर नव्या पट्ट्या लावल्या. पुणे निळा, नाशिक निळा, आणि चाचणीच्या माद्यांना १ ते ९ क्रमांक. १, ४ आणि ७ ला सॅडल आहे. त्यांच्यात पुण्याचे नर आज संध्याकाळीच सोडले.